जिव्हाळ्याचा पुरावा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. कुठल्याही वॉर्डात हे काम चाललेलं असतं आणि कुणाचं तिकडे फारसं लक्ष जात नाही. एक सिस्टर आणि एक मावशी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहतात, पेशंटच्या अंगाखालची चादर दोन्हीकडून धरतात, डोळ्यांनीच ‘घ्या’ म्हणतात आणि पेशंट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर येतो. मग पाठ पाहायची. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती. जिथे हाड आणि कातडीमध्ये मांस कमी, तिथे आधी लाली दिसते, मग कातडी सोलवटते आणि दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत उतरते. लाली दिसली की ती जागा मोकळी ठेवायची, उशी सरकवायची, चादरीची सुरकुती ओढून काढायची. दोन तासांनी पुन्हा तेच. रात्रीसुद्धा.

परळच्या केईएम रुग्णालयात, वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या एका खोलीत, हे काम एकाच बाईसाठी जवळजवळ ४२ वर्षं चाललं. अरुणा शानबाग त्याच रुग्णालयातली परिचारिका होती. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची मुलगी, नर्सिंग शिकायला मुंबईत आलेली, तिथल्याच एका डॉक्टरशी लग्न ठरलेलं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी रुग्णालयाच्या तळघरात एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता. दृष्टी गेली होती, वाचा गेली होती. वय होतं २५.

त्यानंतर तिच्याबाबत एकामागून एक निर्णय झाले, आणि त्यातला एकही कोरड्या बुद्धीने झालेला नाही. आयुष्य आणि आरोग्य यांच्याविषयीचे नैतिक प्रश्न भावनेच्या आहारी न जाता सोडवावेत, असं वरचेवर सांगितलं जातं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्या खोलीचा इतिहास डोळ्यांसमोर ठेवला, तर भावना वजा करून तिथे काय उरलं असतं, हे सांगणं कठीण आहे. कदाचित फक्त एक खाट उरली असती.

पहिला निर्णय लाजेने घेतला. लग्न ठरलेल्या मुलीची बदनामी होऊ नये म्हणून लैंगिक अत्याचाराची बाब पुढे आणलीच गेली नाही. खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांचा. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून तो सुटला. ज्यांनी तो मजकूर कागदावर येऊ दिला नाही त्यांना अरुणाचं भलंच करायचं असेल. मायेपोटी केलेली झाकपाक आपल्या घरांतूनही खूप असते. कॅन्सरचं निदान आजीपासून लपवतात, मुलीचं गर्भाशय काढल्याचं सासरी सांगत नाहीत, वेड लागलेल्या काकाला ‘बाहेरगावी गेलाय’ म्हणतात. त्यामागची माया खरी असते, आणि तिच्यापायी ज्याचं दुःख आहे त्याच्या तोंडून ते काढूनही घेतलं जातं. अरुणाच्या बाबतीत तर तिचं तोंड आधीच बंद झालेलं होतं.

दुसरी भावना संतापाची. मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. त्यांनी अरुणासाठी आणि स्वतःसाठीही मागण्या केल्या, कारण जे तिचं झालं ते त्यांच्यातल्या कुणाचंही होऊ शकलं असतं. हा संताप पुढे विझला नाही, त्याने फक्त रूप बदललं. ऐंशीच्या दशकात महापालिकेने अरुणाला केईएममधून हलवून खाट मोकळी करण्याचा विचार दोनदा केला. हिशेबाने पाहिलं तर त्या विचारात चूक काढणं सोपं नाही. गरिबांचं रुग्णालय, जमिनीवर गाद्या टाकून झोपवलेले पेशंट, आणि बरी होण्याची शक्यता नसलेल्या एका बाईने अडवलेली खोली. एका खाटेवर वर्षभरात किती माणसं बरी होऊन जातात, हे केईएममध्ये काम करणाऱ्यांना कुणी सांगायला नको. तरीही परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली. ‘ती आमची आहे’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हिशेबाच्या वहीत अशी नोंद कुठल्या रकान्यात करणार? पण त्या दिवशी हिशेबाने मान तुकवली ती योग्य तुकवली, असंच वाटतं. ज्या रुग्णालयाच्या भिंतींच्या आत तिचा घात झाला, त्याने तिला खाटेच्या टंचाईचं कारण सांगून बाहेर काढलं असतं, तर ते गणित बरोबर असूनही कृत्य हलकट ठरलं असतं. हा हलकटपणा बुद्धीच्या आधी मनाला कळतो.

नातेवाइकांचं येणं हळूहळू कमी झालं. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. नवी तुकडी आली की तिला त्या खोलीत नेऊन ओळख करून दिली जाई: ही आपल्यातलीच. १ जूनला तिचा वाढदिवस होई. तिला मासे आवडतात, खोलीत फार माणसं आली की ती अस्वस्थ होते, भजनं लावली की शांत होते, असं तिचं करणाऱ्या सांगत. एका परिचारिकेने तर पगाराशिवाय तिचं करत राहण्याची तयारी दाखवली होती.

आणि मग २००९ साली सर्वोच्च न्यायालयात एक याचिका आली, तीही करुणेपोटीच. पत्रकार आणि लेखिका पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये अरुणावर पुस्तक लिहिलं होतं. त्याआधीच मराठीत दत्तकुमार देसाई यांचं ‘कथा अरुणाची’ हे नाटक आलं होतं. विराणींचं म्हणणं असं की हे जगणं नव्हे, तिला खाऊ घालणं थांबवावं आणि तिला शांतपणे जाऊ द्यावं. याचिकेत अरुणाच्या शरीराचं वर्णन होतं: ठिसूळ झालेली हाडं, आत वळलेली मनगटं, किडलेले दात. केईएमच्या बाजूनेही शरीराचंच वर्णन होतं: ३७ वर्षांत एकही बेडसोअर नाही. दोन्ही वर्णनं एकाच अंगाची होती. वळलेल्या मनगटाकडे पाहून एकीला यातना दिसत होती आणि जखमेविना राहिलेल्या पाठीकडे पाहून दुसऱ्यांना आपली सेवा दिसत होती. दोन्ही बाजूंची नजर मायेची होती, म्हणूनच तिथे कुणाला निर्दय ठरवून मोकळं होता येत नाही.

न्यायालयाने तीन डॉक्टरांचं पथक नेमलं. त्यांनी तिला तपासलं, चित्रफीत केली, ती न्यायालयात दाखवण्यात आली. अहवालातल्या मेंदूविषयीच्या परिच्छेदांपेक्षा एक साधी नोंद मनात जास्त रेंगाळते. ओठांना लावलेली साखर आणि कुस्करलेलं केळं तिने चाटलं. चिकनचं सूप थोडं गिळलं आणि मग तोंड मिटलं.

तोंड मिटलं, म्हणजे काय? पोट भरलं? चव आवडली नाही? की शरीराने आपोआप केलेली हालचाल, जिच्यामागे कुणीच नाही? डॉक्टरांनी तिची अवस्था कायमस्वरूपी जाणीवशून्य अशीच नोंदवली. पण रोज घास भरवणाऱ्या बाईला ते मिटलेलं तोंड ‘आता पुरे’ असंच ऐकू येणार. लहान बाळाचं तोंड मिटलं की आई हेच ऐकते, आणि तिथे आई चुकते असं कुणी म्हणत नाही.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. त्या निकालपत्राची सुरुवात गालिबच्या एका शेराने होते, मरणाची आस लागली आहे आणि मरण येत मात्र नाही, अशा अर्थाच्या. पुढे शंभराहून अधिक पानं कायदा आहे. याचिका फेटाळली गेली. त्याच निकालाने देशात पहिल्यांदा, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, कृत्रिम आधार काढून घेण्याची वाट मोकळी केली. आणि अरुणाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने केईएमच्या माणसांकडे बोट दाखवलं. विराणींच्या पुस्तकाची आणि तळमळीची कदर करूनही न्यायालयाचं म्हणणं असं, की जी माणसं रात्रंदिवस तिचं करत आली, तीच तिची. उद्या त्यांचंच मन बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे जावं, अशी सोयही ठेवली. त्या दिवशी केईएमच्या परिचारिकांनी पेढे वाटले.

त्या पेढ्यांविषयी तेव्हा बरंच उलटसुलट बोललं गेलं. काहींना ते क्रूर वाटलं. बाईला आणखी वर्षानुवर्षं तसंच पडून राहावं लागणार, याचा आनंद? पण न्यायालयाने इथे एक विलक्षण गोष्ट केली होती. भावनेला बाहेर ठेवण्याऐवजी त्याने तिच्याकडे पुरावा मागितला, आणि तो हातांनी केलेल्या कामात सापडला. कूस, घास, चादर, पाठ. वर्तमानपत्र वाचून हळहळणारे लाखो होते. त्यांची हळहळ खोटी नव्हती, पण त्यांनी तिची पाठ कधी पाहिली नव्हती.

भावना नसेल तर निर्णय अधिक स्वच्छ होतो का, याचं एक उत्तर मेंदूच्या अभ्यासातून मिळतं. अंतोनिओ दामासिओ हे पोर्तुगालमधून अमेरिकेत गेलेले मेंदूतज्ज्ञ. १९९४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी कपाळामागच्या भागाला इजा झालेल्या पेशंटांविषयी लिहिलं आहे. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, बोलणं व्यवस्थित. फक्त भावना जणू सपाट झालेल्या. त्यातल्या एकाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या. तो वही काढून जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूंनी आणि विरुद्ध मुद्दे मांडत बसला: हवामान, इतर कामं, काय काय. निवड काही होईना. शेवटी डॉक्टरांनीच एक तारीख सांगितली, तेव्हा तो ‘बरं’ म्हणून उठून गेला. काहीच नकोसं वाटत नसलं, काहीच हवंसं वाटत नसलं, की तारीखसुद्धा निवडता येत नाही. मग व्हेंटिलेटर ठेवायचा की काढायचा, हे कसं ठरणार?

पण जवळिकीने उत्तर एकच येतं, असं मानणंही भाबडेपणाचं होईल. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य यातनांत पडलं होतं. उपाय थकले तेव्हा गांधीजींनी डॉक्टरांना बोलावून सुई देऊन त्याला मरण दिलं आणि त्याविषयी उघडपणे लिहिलं. अहिंसेचा पुजारी गोवत्स मारतो म्हणून संतापाच्या पत्रांचा मारा झाला. पत्रं लिहिणारे वासराजवळ बसलेले नव्हते, गांधीजी बसले होते. त्यांच्या जवळिकीने त्यांना ‘आता सोडव’ असं सांगितलं. केईएमच्या परिचारिकाही जवळच बसलेल्या होत्या. त्यांच्या जवळिकीने ‘राहू दे’ असं सांगितलं.

पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये १९४४ च्या फेब्रुवारीत जे घडलं ते याहून अवघड आहे. कस्तुरबा नजरकैदेत होत्या. हृदय थकलं होतं, त्यात फुप्फुसांचा विकार. त्यांचा मुलगा देवदास याने धडपड करून कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन मागवलं. ते औषध तेव्हा इतकं नवं होतं की हिंदुस्थानात ते मिळणंच अपूर्वाईचं. गांधीजींनी विचारलं, हे कसं देतात? दर काही तासांनी सुई टोचावी लागते, असं कळलं तेव्हा ते मुलाला म्हणाले की आता आईला त्रास नको, देवावर भार टाकू. देवदासांनी हट्ट सोडला. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गांधीजींच्या मांडीवर गेल्या.

या प्रसंगावरून गांधीजींना आजही दोष दिला जातो, विशेषतः पुढे त्यांनी स्वतःच्या मलेरियात क्विनीन घेतलं म्हणून. तो दोष सहज पुसून टाकावा असा नाही. साठ वर्षांहून अधिक काळाचा संसार एका बाजूला आणि विमानाने औषध आणणारा मुलगा दुसऱ्या बाजूला. मुलाला काही तरी करायचं होतं. नवऱ्याला आता काही करायचं नव्हतं. दोघांच्याही मनात एकच बाई होती. तिला काय हवं होतं, हे मात्र त्या प्रसंगाच्या सांगण्यात कुठे फारसं ऐकू येत नाही.

नेमकी हीच पोकळी अरुणाच्या खोलीतही होती. परिचारिकांची माया तपासून, पारखून घेतलेली होती. तरी ती अरुणाची इच्छा नव्हती. फार जवळून प्रेम करणाऱ्याला आपलं मन आणि समोरच्याचं मन यातली रेघ दिसेनाशी होते. ‘ती हसते’ हे सांगणाऱ्या सिस्टरच्या आवाजात तिचं स्वतःचं आयुष्य मिसळलेलं असणार: तिच्या रात्रपाळ्या, तिचं केलेलं सार्थकी लागावं ही आस. याबद्दल तिला कोण बोल लावील? पण निर्णयाच्या वेळी ही गोष्ट कुणी तरी हळूच लक्षात आणून द्यायला हवी, आणि विराणींच्या याचिकेने नकळत तेच काम केलं.

आपल्या कायद्यात एक जागा अशी आहे जिथे जिव्हाळ्याचा उल्लेख सरळ शब्दांत आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा कायदा. ऐंशीच्या दशकात मूत्रपिंडांचा बाजार भरला होता, त्याला आळा घालायला तो आला. जवळचे नातेवाईक सोडून इतर कुणाला जिवंतपणी अवयव द्यायचा असेल तर तो जिव्हाळ्यापोटी किंवा तशाच खास कारणासाठी देता येतो, पैशांसाठी नाही. तो जिव्हाळा खरा आहे की नाही, हे एक समिती तपासते. देणारा आणि घेणारा समोर बसतात. ओळख कशी, कधीपासून, असे प्रश्न होतात. दोघांचे एकत्र असलेले जुने फोटो मागतात: लग्नातले, सहलीतले, चाळीच्या गच्चीवरचे.

या समितीचं काम करणाऱ्यांचं मोल मोठं आहे, कारण त्या टेबलापलीकडे बसलेला एखादा गरीब माणूस फोटोपुरताच मित्र झालेला असू शकतो. पण जिथे फोटोंची गरजच पडत नाही तिथला प्रश्न जास्त खोल आहे. बायको नवऱ्याला मूत्रपिंड देते, आई मुलाला देते. देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे चित्र देशभर आहे. त्या बायकोला बाजूला घेऊन डॉक्टर विचारतात, ‘ताई, तुमच्या मनाने देताय ना?’ ती ‘हो’ म्हणते. बहुतेकदा मनापासूनच म्हणते. पण ‘नाही’ म्हटल्यावर कुठल्या घरात परत जायचं, हेही तिला त्याच क्षणी दिसत असतं. तिथे जिव्हाळा आणि धाक एकाच उच्चारात बाहेर पडतात, आणि ते वेगळे काढणारं यंत्र कुठल्याच समितीकडे नाही. एकच करता येतं. तिला एकटीला भेटायचं, वेळ द्यायचा आणि तिने ‘नको’ म्हटलं तर घरच्यांना ‘तपासणीत जुळलं नाही’ एवढंच कळवायचं. चांगले डॉक्टर असं करतात. त्यांच्या सभ्यपणाने एखाद्या बाईचं घर शाबूत राहतं.

आयसीयूबाहेरच्या बाकांवर मात्र असा वेळ कुणाला नसतो. ‘पेशंटसोबत कोण आहे?’ अशी हाक येते आणि अर्धवट झोपेतला एक माणूस चपला शोधत उठतो. आत त्याला सांगतात, नळी घालावी लागेल, सही करा. तो अमेरिकेतल्या भावाला फोन लावतो. ‘सगळं करा, पैशांची काळजी करू नका,’ असं तिकडून येतं. तीन वर्षांत न भेटलेल्या मुलाच्या त्या वाक्यात प्रेम असतं, आणि न भेटल्याची टोचणीही असते. इकडे वर्षभर वडिलांची लंगोट बदलणारी सून गप्प उभी असते. तिला कुणी विचारत नाही. वडिलांना गेल्या दिवाळीपासून हे सगळं नको झालं होतं, हे बहुतेकदा तिला एकटीलाच माहीत असतं.

अशा वेळी ‘सगळं करणं’ आणि ‘सोडून देणं’ याखेरीज तिसरं काही असतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. बरं न होणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटांची तिथे शुश्रूषा होते. वेदना शमवायच्या, तोंड ओलं ठेवायचं, पाठ सांभाळायची. मरण लांबवायचं नाही आणि ओढूनही आणायचं नाही.

अरुणा शानबाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली. शेवटचे काही दिवस ती व्हेंटिलेटरवर होती. विराणी म्हणाल्या की तिचा खरा मृत्यू १९७३ मध्येच झाला होता, आता फक्त कायद्याने झाला. केईएममधल्या परिचारिका घरचं माणूस गेल्यासारख्या रडल्या. न्यायालयाने ठेवलेल्या सोयीचा उपयोग करून त्यांनी कधीच अर्ज केला नव्हता.

त्यानंतर कायदा पुढे सरकला. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि माणसाला शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवायची मुभा दिली. सुरुवातीला त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती अट सैल झाली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, आणि डॉक्टरांच्या मंडळांनी ४८ तासांत मत द्यावं अशी अपेक्षा आहे. उशिरा का होईना, ज्याचं शरीर त्याचाच आवाज त्या खोलीत पोचण्याची सोय झाली.

पण त्या कागदावरही इच्छा लिहून भागत नाही. आपण बोलू शकणार नाही तेव्हा आपल्या वतीने कोण बोलेल, त्याची नावं लिहावी लागतात, आणि २०२३ नंतर ती एकाहून अधिक असावीत असं ठरलं आहे. घरात रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हा विषय निघाला, तर बहुतेक जण तो हसून टाळतात. जे टाळत नाहीत ते पेन हातात घेऊन थबकतात. आगाखान पॅलेसमध्ये असा कागद असता तर त्यावर दोन नावं आली असती, नवऱ्याचं आणि मुलाचं, आणि ती दोन माणसं औषधाची कुपी मध्ये ठेवून समोरासमोर उभी राहिली असती. नावं लिहिण्याआधी त्या दोघांशी कस्तुरबा काय बोलल्या असत्या?